एसीतला कुबट वास आणि घरातली तीन मतं

पत्र थोडक्यात: ठाण्याच्या एका वाचक ताई लिहितात की त्यांच्या बेडरूममधला पाच वर्षांचा स्प्लिट एसी लावला की पहिली काही मिनिटं कुबट वास येतो. हवा सोडणाऱ्या पट्ट्यांवर काळे ठिपके दिसतात, पुसले तरी महिन्याभरात परत येतात. अकरा वर्षांच्या मुलाला रात्री कोरडा खोकला येतो. वर्षाचं कंत्राट असल्यामुळे दोनदा सर्व्हिसिंग होतंच, पण वासात फरक नाही. एका मेकॅनिकनं "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरला, दुसऱ्यानं आत धूर सोडून निर्जंतुक करण्याचं महागडं पॅकेज सुचवलं. सासूबाई म्हणतात, एसी बंदच करा, पोर त्यानंच आजारी पडतंय. मिस्टर म्हणतात, गणपतीच्या आधी हप्त्यावर नवीन घेऊन टाकू. ताई स्वतः दर रविवारी फरशीच्या जंतुनाशकाचा फवारा एसीत मारतात. त्या विचारतात, "मेकॅनिक, सासूबाई की नवरा, कुणाचं ऐकू? आणि मी रोज पुसत असताना माझ्या घरात बुरशी आलीच कशी?"

ताई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पत्रभर तोच टोचत असल्यासारखा वाटला. बुरशी आली म्हणजे घर गलिच्छ, असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलेलं असतं. पाहुणे येणार म्हटलं की आपण आधी भिंतीवरची भुरी पुसतो, मग चादरी बदलतो. पण बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, तुमच्याकडे तसेच माझ्याकडे. ते वाट बघतात पाण्याची. चकाचक घासलेल्या बरणीतल्या लोणच्यातही एकदा ओला चमचा गेला की वर पांढरा थर धरतोच. तेव्हा पुसण्यात तुम्ही कमी पडला नाहीत. पाणी कुठं साचून राहतंय, हे मात्र अजून कुणी शोधलेलं दिसत नाही, आणि तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकानंही तो प्रश्न विचारलेला नाही.

एसीच्या आत काय चालतं ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या आसपास थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटायला लागतं. एसीची कूलिंग कॉइल त्याहून कितीतरी थंड असते. त्यामुळे ती रात्रभर अक्षरशः ठिबकत असते. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपनं बाहेर जातं. आता पुढच्या जाळीतून सुटलेली बारीक धूळ, कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण, हे सगळं त्या ओल्या कॉइलवर आणि तिच्या मागच्या ब्लोअरवर चिकटतं. सकाळी तुम्ही रिमोटनं एसी बंद करता. आत अंधार, ओल, धुळीचा खाऊ आणि हळूहळू वाढणारी ऊब. बुरशीला आणखी काय हवं?

तुम्हाला जे ठिपके दिसतात ते पट्ट्यांवरचे. थंड हवेनं पट्ट्यांनाही घाम येतो, म्हणून तिथं ते उमटतात. खरा मुक्काम असतो ब्लोअरवर, म्हणजे आतल्या त्या लांबट गोल पंख्यावर. बघायचं असेल तर मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा, पट्ट्या हातानं हळूच उघडा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. पंख्याच्या पात्यांवर करडा-काळा, मखमलीसारखा थर दिसला, तर वास कुठून येतो ते कळलंच. तिथं हात किंवा ब्रश घालू नका, नुसतं बघा आणि फोटो काढा. तो फोटो पुढे मेकॅनिकशी बोलताना कामी येईल.

मग दोनदा सर्व्हिसिंग होऊनही फरक का नाही? कारण कंत्राटातली सर्व्हिस बहुतेक वेळा जाळ्या धुणं, कॉइलवर समोरून पाणी मारणं आणि बाहेरचं युनिट झटकणं एवढीच असते. ब्लोअर राहतो, ट्रे राहतो. मी मेकॅनिक मंडळींना फार दोष देणार नाही. मे महिन्यात त्यांना जेवायला फुरसत नसते, आणि ट्रे उतरवून ब्लोअर धुवायचा म्हणजे पाऊण-एक तासाचं काम. पण मग ते काम वेगळं सांगून, वेगळे पैसे देऊन करून घ्यायला हवं. "जेट सर्व्हिस" किंवा "पंप सर्व्हिस" म्हणून ते मिळतं. फोनवरच विचारा: ब्लोअर धुणार का, ट्रे उतरवणार का, ड्रेन पाइपमध्ये प्रेशरनं पाणी सोडणार का, युनिटखाली प्लॅस्टिकची पिशवी बांधणार का, सर्किटचा भाग झाकणार का. "हो हो, सगळं होऊन जाईल" असं उत्तर आलं तर पुन्हा एकेक करून विचारा. थर फार जाड असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ब्लोअर पूर्ण बाहेर काढून धुता येतो. त्याला वेळ लागतो, पण वास परत येण्याचा कंटाळा त्याहून मोठा.

त्या दिवशी मुलाला शाळेत किंवा शेजारी पाठवा. गादी झाका, कपाटाची दारं लावा, खिडक्या उघडा. जवळ उभं राहणाऱ्यानं एन-९५ मास्क लावावा, कारण सुकलेला थर उडतो तेव्हा नाकातोंडात जायचा तोच जातो. काम झाल्यावर खिडक्या उघड्याच ठेवून तासभर एसी फक्त फॅनवर चालवा.

रविवारचा फवारा मात्र आजपासून बंद करा. जंतुनाशक ब्लोअरपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि जे पोचतं ते धुतलं न जाता पुढच्या रात्री हवेबरोबर खोलीत येतं. खोकणाऱ्या मुलाच्या खोलीत तर ते नकोच. काही वाचक याच्याही पुढे जाऊन ब्लीच मारतात. ब्लीचनं कॉइलचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे खराब होतात. आणि बाथरूमच्या ॲसिडबरोबर ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बेडरूममध्ये हा खेळ जिवावर बेतू शकतो. तुमच्या हाताचं काम एवढंच: जाळ्या दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्यानं धुवायच्या, पंख्याखाली पूर्ण सुकवायच्या आणि मगच बसवायच्या. पट्ट्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायच्या. बाकी आत हात नको.

धुराच्या पॅकेजबद्दल. बुरशी मेली तरी तिचा थर तिथंच राहतो, आणि मेलेल्या बुरशीनंही ॲलर्जी होते. म्हणून आधी थर धुऊन काढायला हवा. तो निघाला की धुराची गरज उरत नाही, आणि न निघाला तर धुराचा उपयोग नाही. ओझोन सोडणारी यंत्रंही कुणीतरी विकायला येईल. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवा. एसीच्या जाळीला अडकवायच्या सुगंधी पुड्यांबद्दल बोलायलाच नको.

गॅसबद्दलही दोन शब्द. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता भरला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. कुबट वासाशी त्याचा थेट संबंध नाही. फक्त एक आडवळण आहे: गॅस खरोखर कमी असेल तर कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळताना ट्रेमध्ये न मावणारं पाणी सुटतं आणि भिंतीवर ओघळतं. तुमच्याकडे असं काही झालं होतं का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून झालं नसावं असं धरते.

आता मला ज्याची शंका येते ते. तुम्ही सगळ्यांनी धरून चाललंय की वास एसीतूनच येतो. एकदा एसी दोन दिवस लावूच नका, खोली सकाळी बंद करून संध्याकाळी उघडा आणि दारातच थांबून वास घ्या. तरीही कुबट वास आला तर गुन्हेगार भिंत, कपाट किंवा गादी आहे. एसी फक्त ती हवा फिरवतोय. एसी सुरू केल्यावरच वास येत असेल तर तो आतला. आणि वास कुबट नसून गटारासारखा असेल तर ड्रेन पाइपचं बाहेरचं टोक बघा. ते सांडपाण्याच्या पाइपात खुपसलेलं असतं किंवा पाण्यात बुडालेलं असतं, आणि वास पाइपातून उलटा वर चढतो.

इनडोअर युनिटच्या मागची भिंत हातानं चाचपा. बाहेरून नळ्या आत आणायला जे भोक पाडतात, ते आत चढतं आणि बाहेर उतरतं असायला हवं. घाईत ते सरळ पाडतात, कधी उलट उताराचं, आणि भोवतीची फट तशीच सोडतात. ठाण्यात नैर्ऋत्येकडून सपाट्यानं येणारा पाऊस त्या फटीतून थेट एसीच्या पाठीशी पोचतो. रंगाला फुगे आलेत, पोपडे निघताहेत असं दिसलं तर आधी ती फट बुजवा. तांब्याच्या नळीवरचं काळं आवरण फाटलं असेल तर नळीला घाम येऊन भिंत आतून भिजते. तेही बदलून घ्या. हे न करता नवीन एसी त्याच ओल्या भिंतीवर टांगलात, तर पुढच्या पावसाळ्यात मला हेच पत्र येईल.

आणि जरा रागावू नका, पण जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेले कपडे कुठं वाळत घालता? मुंबई-ठाण्यातल्या निम्म्या घरांचं उत्तर मला ठाऊक आहे: बेडरूममध्ये, स्टँडवर, वर पंखा. एका धुण्यातून लिटर-दीड लिटर पाणी सहज त्या खोलीच्या हवेत जातं, आणि मग तेच एसीच्या कॉइलवर जमतं. कपडे हॉलमध्ये, खिडकीजवळ हलवा. जागा नाही हे मलाही माहीत आहे. निदान झोपायच्या खोलीत तरी नको. दोन-चारशे रुपयांत छोटं डिजिटल आर्द्रतामापक मिळतं. ते उशाशी ठेवा. आकडा ६०च्या खाली राहिला तर बुरशीला वाढणं अवघड जातं. कायम ७५ दाखवत असेल तर तुम्ही कितीही धुवा, ती परत येणार.

रोज एसी बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं नुसता फॅन मोड चालू ठेवा, म्हणजे कॉइल सुकते. तुमच्या रिमोटवर ऑटो क्लीन किंवा तशा नावाचं बटण असेल तर ते हेच काम करतं. पावसाळ्यात ड्राय मोड वापरून बघा. आणि १८ अंशांवर लावून वर दुलई ओढायची ही आपली मौज जरा आवरा. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या एसींचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणं बंधनकारक आहे. ते विजेच्या बचतीसाठी असलं तरी बुरशीच्या बाबतीतही सोयीचं पडतं, कारण खोली फार गार केली की भिंतींनाही घाम येतो.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये याच विषयावर काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय. पण एसी कायमचा बंद करून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. एसी हवेतलं पाणी कमी करतो. तो बंद करून पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्या तर गादीतले धुळीचे किडे आनंदानं वाढतील, आणि मुलांच्या रात्रीच्या खोकल्यामागे ते अनेकदा असतात. तुमच्या मुलाला एसीमुळेच खोकला येतो, हे अजून कुणी तपासलेलं नाही. दोन आठवडे साध्या वहीत लिहून ठेवा: कोणत्या रात्री खोकला आला, एसी चालू होता का, मच्छर अगरबत्ती किंवा धूप लावला होता का. हे शेवटचं मुद्दाम विचारते. घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो. दारं-खिडक्या लावून मच्छर अगरबत्ती पेटवली तर तो धूर रात्रभर मुलाच्या उशाशी. संध्याकाळी देवापाशी लावलेला धूपही बेडरूमचं दार बंद करूनच दरवळू द्यावा.

ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. रात्रीचा कोरडा खोकला हे दम्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. छातीतून शिट्टीसारखा आवाज, धाप, ताप, वजन कमी होणं यातलं काही असेल तर वहीची वाट न बघता लगेच जा. डॉक्टर काय सांगतात ते मी इथून सांगू शकत नाही.

या निमित्तानं घरात वयस्कर माणसं असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर. फुप्फुसाच्या जाळीदार भागाला सूज येऊन ती हळूहळू निबर होत जाणाऱ्या आजारांची भारतातली एक मोठी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १०८४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना श्वासातून जाणाऱ्या सेंद्रिय कणांच्या ॲलर्जीमुळे होणारा प्रकार होता, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात एअर कूलर होते. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींनी हे वाचून कूलर फेकू नये. पण गेल्या वर्षीचं गवत किंवा वाळा तसाच ठेवून, टाकीतलं हिरवं पाणी न उपसता मार्चमध्ये बटण दाबणं थांबवावं. दर हंगामात नवीन ताट्या, टाकी घासून कोरडी, आणि वापर असेल तेव्हा पाणी वरचेवर बदललेलं. मुंबईकरांसाठी याच यादीत कबुतरं येतात. एसीच्या बाहेरच्या युनिटवर त्यांचा संसार असेल तर ती विष्ठा कोरडी झाडू नका. पाण्यानं भिजवून, मास्क लावून काढा आणि वर जाळी बसवा. कोरडा खोकला आणि जिने चढताना लागणारी धाप महिनोन् महिने टिकली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

अमेरिकेतल्या वाचकांचीही अशीच पत्रं येतात, तिथं गरम आणि थंड हवा एकाच डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीतून, घरभर फिरते. तत्त्व तेच. कॉइल आणि ट्रे बघा, थंडीत हीटरला जोडलेला ह्युमिडिफायर किती ओल सोडतोय ते बघा. डक्टच्या आतलं इन्सुलेशन भिजून बुरशी धरली असेल तर ते साफ होत नाही, काढून नवीन घालावं लागतं, हे तिथली पर्यावरण संरक्षण संस्था स्वतःच सांगते. डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, हेही तीच संस्था सांगते. तेव्हा दारात येणाऱ्या स्वस्त डक्ट सफाईच्या पत्रकांना भुलण्याआधी आत बुरशी दिसते का, हे फिल्टर काढून स्वतः बघा.

ताई, उरला प्रश्न नवीन एसीचा. पाच वर्षांचं मशीन कुबट वासासाठी काढणं मला पटत नाही. आधी भिंत बघा, मग जेट सर्व्हिस करून घ्या, कपडे हलवा, आणि सहा आठवडे जाऊ द्या. वास गेला तर हप्ता वाचला. वास दोन-तीन आठवड्यांत परत आला तर पाणी कुठंतरी अडतंय: युनिट ड्रेनच्या उलट बाजूला कललंय, ट्रेला तडा गेलाय, किंवा पाइपमध्ये शेवाळ अडकलंय. हे दुरुस्त होतं. ट्रेभोवतीचा फोमच कुजला असेल, कॉइल वारंवार गळत असेल, सुटा भाग मिळत नसेल, तर मात्र मिस्टरांचं म्हणणं खरं धरा.

नवीन घेतलाच तर खोलीच्या मापाचाच घ्या. "जरा मोठा घेऊ" म्हणून दोन टनाचा घेतला तर तो खोली झटकन गार करून कॉम्प्रेसर थांबवतो आणि हवेतलं पाणी तसंच राहतं. ट्रे आणि ब्लोअर सहज निघतो का, हे दुकानातच दाखवायला सांगा. विक्रेत्याला हे विचारलेलं आवडत नाही, तरी विचारा. आणि फिटिंगच्या दिवशी भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलं आणि फट पुटीनं बुजवली, हे बघायला तुमच्या दोघांपैकी कुणीतरी तिथं उभं राहा. माझं विचाराल तर मिस्टरांना उभं करा.